विषय : बढती मिळणेबाबत

प्रति,
चि. भाचा,
हिंजवडी, टप्पा क्र. २, पुणे.

संदर्भ : तुझा रात्री दीड वाजता आलेला व्हॉट्सॲप संदेश.



उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, तुझा संदेश मिळाला. ऐन दिवाळीत सर्व्हर बंद पडला, तू लॅपटॉप मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत झगडून तो सुरू केलास, आणि सकाळी शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने 'टीमने रात्रभर झटून प्रश्न सोडवला' असा मेल थेट अमेरिकेपर्यंत सगळ्यांना पाठवला. एप्रिलमध्ये त्याला बढती मिळाली आणि तुला कॉफीचा मग. मगावर 'यू रॉक' असं लिहिलंय. तू विचारतोस, मामा, यात न्याय कुठे आहे?

न्यायाचं नंतर बघू. आधी त्या मुलाला नमस्कार कर, कारण जे शिकायला मला अर्धी नोकरी लागली ते तो तिशीच्या आत शिकलाय.

'आपलं काम बोलतं' हे तुला तुझ्या आजोबांनी शिकवलं. पण माझी बहुतेक नोकरी सरकारी आस्थापना शाखेत गेली. कार्यालयातल्या लहानमोठ्या सगळ्यांचे गोपनीय अहवाल माझ्या कपाटातून वर जात आणि माझ्याच कपाटात परत येत. कामाने तोंड उघडल्याची नोंद मला एकाही अहवालात आढळली नाही. काम मुकं असतं. त्याला वाचा लागते, आणि ती वाचा बहुधा दुसऱ्याच कोणाची तरी असते.

तुमच्या कंपनीने यावर उपाय म्हणून तुम्हाला दोन दिवस लोणावळ्याला नेऊन 'कम्युनिकेशन स्किल्स' शिकवलं, असं तू लिहितोस. नजरेला नजर द्या, हसा, समोरच्याचं नाव घेऊन बोला. ही बरीचशी डेल कार्नेगीच्या १९३६ सालच्या पुस्तकाची कृपा. पुस्तक चांगलं आहे, पण त्यातला सर्वात मोठा धडा आत नसून मुखपृष्ठावर आहे. या गृहस्थाच्या आडनावाचं स्पेलिंग मुळात वेगळं होतं. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या नावाचा अमेरिकेत दबदबा होता, तेव्हा यानेही आपलं स्पेलिंग बदलून त्या पोलादवाल्यासारखं करून घेतलं. दोघांचं नातं काही नव्हतं. पण नातं नाही असं ओरडून सांगायची गरजही त्याला वाटली नसावी. साहेबांशी संबंध असावेत ते असे. नातं नसावं, पण असल्यासारखं चार लोकांना वाटावं.

आता व्याकरण. तुझी स्वयंमूल्यमापनाची नोंद तू मला पाठवलीस : 'दिलेली कामे वेळेवर पूर्ण केली.' अरे, हे काय स्वयंमूल्यमापन झालं? हे तर घरकामाच्या वहीतलं वाक्य झालं. मराठीत तीन प्रयोग आहेत आणि ते परीक्षेसाठी नाहीत, नोकरीसाठी आहेत. यश आलं की कर्तरी : 'मी प्रणाली पूर्ववत करू शकलो.' चूक झाली की कर्मणी : 'सदर बाब नजरचुकीने वगळली गेली.' आणि जबाबदारी अंगावर येऊ लागली की भावे : 'याबाबत संबंधितांना कळवावे.' कोणी कळवावे, कधी कळवावे, याचा त्या वाक्यात मागमूस नाही. सरकारी मराठीला लोक नावं ठेवतात, पण कर्ता गायब करून वाक्य उभं ठेवण्याची ही कला तुमच्या कंपनीला अजून साधलेली नाही. तुमच्याकडे माणसं 'सॉरी, माय बॅड' म्हणून मोकळी होतात. एवढ्या उघड कबुलीजबाबावर आमच्याकडे चौकशी लागली असती.

तुमचे शब्द नवीन असले तरी वस्तू आमच्याच आहेत. तुमचे मॅनेजर म्हणतात, 'लेट्स टेक धिस ऑफलाइन.' आमचे साहेब टिपणीच्या समासात लिहीत, 'चर्चा करावी.' दोन्हींचा अर्थ, निर्णय घ्यायचा नाही पण तसं म्हणायचंही नाही. फाईल खाली येई. चर्चा होत नसे. तीन महिन्यांनी तीच फाईल, तीच टिपणी, वर फक्त 'चर्चेनुसार फेरसादर' अशी ओळ घालून आम्ही वर पाठवत असू आणि ती मंजूर होई. तुम्ही 'सीसी' करता, आम्ही 'प्रत माहितीसाठी' देत होतो. माहितीसाठी दिलेल्या प्रतीत माहिती नसते, इशारा असतो, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक आहे.

आता साहेबांशी संबंध. इंग्रजांच्या नॉर्थकोट पार्किन्सनने १९५५ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये एक लेख लिहिला. त्यात ब्रिटिश आरमाराचा हिशेब होता. १९१४ ते १९२८ या काळात मोठी लढाऊ जहाजं ६२ वरून २० वर आली, आणि ॲडमिरल्टीत बसणारे अधिकारी २,००० वरून ३,५६९ वर गेले. समुद्र कमी झाला नव्हता आणि काम वाढलं नव्हतं. मग अधिकारी का वाढले? पार्किन्सनचं एक उत्तर असं, की अधिकाऱ्याला हाताखालची माणसं वाढवायची असतात, प्रतिस्पर्धी नव्हे. हे वाक्य तू लॅपटॉपच्या पडद्यावर चिकटवून ठेव. मीटिंगमध्ये मॅनेजरच्या आधी उत्तर देणारा हुशार असतो, पण तो त्या क्षणी हाताखालचा राहत नाही.

म्हणून परिपूर्ण काम कधी वर पाठवू नये. टिपणी कितीही चोख असली तरी आम्ही तिच्यात एखादी वेलांटी मुद्दाम ऱ्हस्व ठेवत असू. साहेब लाल पेनाने ती दीर्घ करत, मान हलवत, 'तुम्हाला शुद्धलेखन कधी येणार?' असं म्हणत आणि उरलेली टिपणी न वाचता सही करत. शुद्धलेखनाचा बळी देऊन मी अनेक प्रस्ताव मंजूर करून घेतले. तूही पॉवरपॉइंटच्या तिसऱ्या स्लाइडवर एखादा रंग भडक ठेवत जा. 'हा निळा थोडा सौम्य कर' असं सांगितल्यावर मॅनेजरला ते सादरीकरण स्वतःचं वाटू लागतं, आणि स्वतःच्या सादरीकरणाला कोणी विरोध करत नाही.

सामाजिक बाजूही सांभाळ. साहेबांच्या घरचा गणपती दीड दिवसाचा की पाच दिवसांचा, ही माहिती श्रावणातच काढून ठेवावी. दीड दिवसाच्या गणपतीला तिसऱ्या दिवशी जाणारा माणूस मोदकालाही मुकतो आणि बढतीलाही. पण साहेबांच्या मूडचा अंदाज घ्यायला साहेबांकडे जाऊ नये. आमच्याकडे तो शिपाईमामांना विचारावा लागे. साहेब आज चहा अर्धा टाकून उठले, एवढं कळलं की आम्ही रजेचा अर्ज उद्यावर ढकलायचो. तुमच्याकडे हे खातं सुरक्षारक्षक आणि कॅबचा ड्रायव्हर यांच्याकडे असेल. त्यांची नावं तुला ठाऊक आहेत का? कार्नेगीने नाव लक्षात ठेवायला सांगितलं ते फक्त उपाध्यक्षांचं नव्हे.

इथवर वाचून तुला वाटेल, एवढं केलं की झालं. नाही. आता आस्थापना शाखेचं गुपित सांगतो.

आमच्याकडे अहवालात प्रतवारी असे. 'अ+', 'अ', 'ब+', 'ब' आणि पुढे. त्यात 'ब+' म्हणजे 'निश्चित चांगला', आणि नुसता 'ब' म्हणजे 'चांगला'. पहिला निश्चित, तर दुसरा काय अंदाजे चांगला? पण या शब्दांचा भाव ठरलेला असे. तारीफ इतकी स्वस्त झाली होती, की 'चांगला' म्हणणं म्हणजे माणसाला सभ्यपणे बुडवणं. शिवी दिली तर ती लेखी कळवावी लागे, तिच्यावर तो अपील करी. 'चांगला' लिहिलं की कळवायची गरज नाही, कारण चांगल्यात प्रतिकूल काय असणार? अशी शांतपणे माणसं कापली जात आणि कापला गेलेला वाढदिवसाला साहेबांनाच पेढे देई.

हे मी बनवून सांगत नाही. सीमा रस्ते संघटनेत एक कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंत्याच्या पदासाठी मागच्या पाच वर्षांचे शेरे 'अत्यंत चांगला' हवे होते. त्यांना एका वर्षी, १९९३-९४ मध्ये, 'चांगला' असा शेरा मिळाला. तेवढ्यावर बढती हुकली, कनिष्ठ पुढे गेले. शेरा वाईट नव्हता, म्हणून त्यांना तो कोणी कळवलाच नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १२ मे २००८ रोजी न्यायालयाने सांगितलं की, शेरा कोणताही असो, वाईट, बरा, चांगला किंवा अत्यंत चांगला, तो ज्याच्याबद्दल आहे त्याला कळवलाच पाहिजे. त्याला सुधारता आलं पाहिजे, आणि पटलं नाही तर दाद मागता आली पाहिजे. हा निकाल लागला तेव्हा ते अभियंते निवृत्त झाले होते.

आम्हा आस्थापनावाल्यांवर त्या दिवशी आभाळ कोसळलं. तोवर सगळं किती सुरळीत होतं. समोर 'उत्तम चाललंय हो तुमचं' आणि कागदावर 'चांगला', यात कोणाचंच मन दुखावत नसे.

तुमच्या खासगी कंपन्यांना गोपनीय कपाटाची गरज पडली नाही. त्यांनी आलेख आणला. अमेरिकेतल्या 'जीई'च्या जॅक वेल्श यांनी माणसं वाटून ठेवली : वरची २० टक्के, मधली ७० टक्के, तळाची १० टक्के. तळाच्यांना नारळ. टीममधली दहाही माणसं उत्तम असली तरी एकाने तळाला जायचंच. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची उतरंड नोव्हेंबर २०१३ मध्ये मोडीत काढली, पण तिच्यापासून मॅनेजर मंडळींना मिळालेला लाभ कायम आहे. 'तू छानच काम केलंस रे, पण काय करणार, कर्व्हमध्ये बसला नाहीस' असं आता म्हणता येतं. आमचे साहेब निदान स्वतःच्या सहीने माणूस कापत. तुमच्याकडे ते काम भूमितीवर सोपवलंय.

आता एक विचार कर. हसा, ऐका, नजर द्या, स्पष्ट बोला, हे लोणावळ्याचं शिबिर कोणासाठी होतं? तुमच्यासाठी. खालच्या माणसाने वरच्याशी कसं बोलावं यावर पुस्तकं, शिबिरं, व्हिडिओ सगळं आहे. वरच्या माणसाने खालच्याबद्दल जे लिहिलं ते त्याच्या तोंडावर सांगावं, एवढं एकच संभाषणकौशल्य साहेबांना शिकवायचं होतं, आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला बसावं लागलं. हे मी निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर लिहितोय, याची नोंद घे. सेवेत असताना लिहिलं असतं तर माझाही शेरा 'चांगला' आला असता.

सबब, पुढीलप्रमाणे कार्यवाही करावी :

१) जे काम केलंस ते त्याच दिवशी तीन ओळींत लिहून पाठवावे. त्यात ज्यांनी मदत केली त्यांची नावेही घालावीत. ती माणसे पुढच्या वेळी तुझे नाव घालतील, आणि शेजारच्या मुलाला सकाळी लिहायला काही उरणार नाही.

२) एप्रिलची वाट पाहू नये. जुलैमध्येच मॅनेजरकडे जाऊन शांतपणे विचारावे, 'या वर्षी माझ्याबद्दल काय लिहिणार आहात?' ते गडबडतील. या प्रश्नाचं उत्तर शिकवायला त्यांना कोणी लोणावळ्याला नेलेलं नाही.

३) जे सांगतील ते लगेच मेलवर लिहून 'आपल्या चर्चेनुसार' असे म्हणून त्यांनाच पाठवावे. चर्चा खरोखर झाली असल्यामुळे आमच्यापेक्षा ही पद्धत थोडी कमी रूढ आहे, तरी चालेल.

४) कॉफीचा मग मॅनेजरच्या टेबलावर ठेवून यावा. 'यू रॉक' त्यांनाही वाचू दे.

तुझा,
मामा
(सेवानिवृत्त, आस्थापना शाखा)

प्रत माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी :
१) तुझी आई, यांना. भावाला अक्कल आहे हे अभिलेखावर राहावे म्हणून.
२) तुझे मॅनेजर, यांना, तुला न कळवता. (टंकलेखकास सूचना : ही नोंद भाच्याच्या प्रतीवर घेऊ नये.)
३) निवडनस्ती.