निवांतपणाचं वेळापत्रक

अमेरिकेत निवृत्त जोडपी स्वतःचा ट्रॉलर घेऊन नॉरफोकहून मायामीला निघतात. जाळं नाही, बर्फ नाही, मासळीचा वासही नाही. डिझेल मात्र अस्सल. किनाऱ्याआतल्या जलमार्गाने अंतर सुमारे 1,100 मैल, वेग सात नॉट, म्हणजे ताशी 13 किलोमीटर. काठावरचा सायकलवाला हात हलवून पुढे जातो. घाई कसलीच नाही, असं दोघंही सांगतात. फक्त बरेच उघडते पूल ठरल्या वेळीच उघडतात आणि वादळांच्या मोसमात बोट कुठे असावी, हे विमा कंपनी ठरवते. खरी परीक्षा धक्क्याला लागताना! तो सुकाणूवर, ती दोर घेऊन पुढे, अख्खा मरिना प्रेक्षक. दोघांच्या आरडाओरड्यावर उपाय म्हणून बिनतारी हेडसेट मिळतात. बोटवाले त्यांना ‘संसार वाचवणारे’ म्हणतात. बोटीआधी ते घ्या.