अमर्याद, अटी लागू

होस्टिंगच्या जाहिरातीतलं ‘अनलिमिटेड’ म्हणजे कार्यालयातल्या पंगतीची जिलबी. आग्रह सगळ्यांना, पण आपल्या पानाशी येईस्तोवर ताट रिकामं. जागा अमर्याद, फायलींची संख्या मात्र मोजलेली. ती अट खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत.

सुरुवातीला महिना ९९ रुपये (तीन वर्षांचे एकरकमी भरलेत तर, शिवाय १८ टक्के जीएसटी). नूतनीकरणाला तोच आकडा चौपट. तोवर आम्ही गिऱ्हाइकांच्या २२ साइट तिथे चढवलेल्या. आता जागा बदलायची म्हणजे २२ बिऱ्हाडं ईमेलच्या भांड्याकुंड्यांसकट हलवायची. कंपनीला हे ठाऊक असतं. म्हणून तर ९९.

मग ते ‘९९.९ टक्के अपटाइम’. वर्षाचे ८,७६० तास, त्यांचा ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास. तेवढा वेळ साइट झोपली तरी कंपनी वचनाला जागली! आमचे पावणेनऊ तास नेमके अक्षय्य तृतीयेला उगवले, तेही एका आंबेवाल्या काकांच्या साइटवर. काकांचे फोन मला, माझे मेसेज सपोर्टला. तिकडून दर वेळी नवा माणूस आणि जुनाच प्रश्न : “सर, कॅशे क्लिअर करून बघितलंत का?”

बॅकअप होता की! त्याच सर्व्हरवर. कपाटाची जादा किल्ली कपाटातच.

दुपारनंतर साइट आपोआप उठली. “तुमच्या कंपनीचं हे असं कसं हो?” काकांनी विचारलं. माझी कंपनी म्हणजे मी, एक लॅपटॉप आणि हॉलमधलं टेबल. यंदा त्यांच्याकडून पेटी आलेली नाही.