पाच पॉइंट दोन

होम थिएटरच्या रिसिव्हरचा खोका घरी आला की आधी त्याचं वाचन होतं. डॉल्बी, डीटीएस, एचडीएमआय, ब्लूटूथ, एचडीआर, ८के. लग्नपत्रिकेच्या तळाशी यच्चयावत काका-मामा निमंत्रक म्हणून दाटीवाटीनं छापलेले असतात, तसा मामला. त्यातले कामाला कितीजण येणार, ते मांडवातच कळायचं. आणि हा खोका काही कुणा बिल्डरच्या खासगी थिएटरसाठीचा नव्हे. कंपनीच्या यादीत सगळ्यात खालच्या पायरीवरचा, दहा बाय बाराच्या हॉलसाठी घेतलेला.

खोक्यावरचा लाडका आकडा वॅटचा. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजार-हजार वॅटचे स्टिकर झळकत. सेलवर चालणारं यंत्र एवढे वॅट कुठून काढतं, हे विचारायची पद्धत नव्हती. आता कारभार बराच सभ्य झाला आहे. २०२१ मध्ये आलेला डेनॉनचा एव्हीआर-एस६६०एच घ्या: दर चॅनेलला ७५ वॅट. फक्त बारीक अक्षरांतली अट अशी, की हे ७५ दोन चॅनेल चालू असतानाचे. पाचही एकदम गरजू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार. म्हणून कुणी थेट दीडशे वॅटचं मॉडेल आणायला निघालंच, तर वॅट दुप्पट झाल्यावर आवाज चढतो फक्त तीन डेसिबल. सोफ्यावरच्या माणसाला फरक कळतो. खर्च केल्याचं समाधान वाटावं इतका मात्र नाही.

मग खोक्यावरचं ते ५.२. मूळच्या ५.१ या नावाचं श्रेय टॉमलिन्सन होल्मन यांना दिलं जातं. सिनेमागृहांसाठीचं टीएचएक्सही त्यांचंच. पाच स्पीकर पूर्ण, आणि सबवूफरनं फक्त तळाचा घुमारा सांभाळायचा, म्हणून तो ‘पॉइंट एक’. त्याचे ‘पॉइंट दोन’ झाले म्हणजे काहीतरी भारी असणार, असं वाटतं. पाहावं तर खालच्या पायरीवरच्या बऱ्याच मॉडेलांत मागच्या दोन्ही जॅकमधून तोच आवाज बाहेर पडतो. एका जॅकला दोन तोंडांची वायर लावली तरी हेच झालं असतं.

८के हे तर दूरदृष्टीचं काम. जपानमध्ये एनएचकेनं १ डिसेंबर २०१८ पासून ८के वाहिनी सुरू केली. आपल्याकडे केबलवाला अजून एचडीचे वेगळे पैसे मागतो. घाई किती, तर २०२० मध्ये डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाच्या काही नव्या रिसिव्हरांत एचडीएमआयची चिपच अशी निघाली, की एक्सबॉक्स सीरिज एक्सचं ४के १२० हर्ट्‌झचं चित्र पाठवलं की पडदा काळा. मग डेनॉन-मरांट्झवाल्यांनी ग्राहकांना वायरीच्या मध्ये लावायची एक डबी फुकट देऊ केली. भविष्यकाळ असा, जोडणीसकट.

खरी गंमत मात्र खोक्याच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत असते: इवलासा माईक. तो सोफ्यावर कानाच्या उंचीवर ठेवायचा. काही मॉडेलांबरोबर त्यासाठी पुठ्ठ्याचं घडीचं स्टँडही येतं. एकेक स्पीकर फुर्र-फुर्र करतो, माईक ऐकतो आणि ऑडिसी नावाची प्रणाली खोलीचा हिशेब मांडते. अट एकच: घरात शांतता हवी. म्हणजे पंखा बंद, फ्रीज बंद, “अहो, कुकर लावलाय, दोन शिट्ट्या व्हायच्यात” हेही बंद. तेवढ्यात गॅलरीत कबुतर येतं आणि पडद्यावर तक्रार उमटते, की आसपासचा आवाज फार आहे. गणपतीआधीचा महिना आणि गाव पुणे असेल, तर ढोलपथकाचा सराव संपेपर्यंत हा नाद सोडलेला बरा.

एवढं करून निकाल लागतो तो असा, की सबवूफर वीस फुटांवर आहे. बारा फुटी हॉलमध्ये वीस फूट म्हणजे तो शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. गृहस्थ टेप घेऊन धावतात. पण यंत्र बरोबर असतं. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाज जरा रेंगाळतो आणि तो उशीर रिसिव्हर फुटांत मोजतो. आकडा दुरुस्त केला, की बिघडलं.

खोक्यावर ज्याला कोपराही मिळत नाही, असं बटण रोज उपयोगी पडतं. सिनेमात नायक कुजबुजतो म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी गाडी उडते आणि पाळण्यातलं बाळ उठतं. ही चढउतार दाबायला ऑडिसीत ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ आहे. पूर्वी त्याच्या पायऱ्यांची नावं दिवस, संध्याकाळ आणि मध्यरात्र अशी होती. पुढे त्यांचं लाइट, मीडियम, हेवी केलं. संसाराची जाण असलेला कुणीतरी त्या खात्यातून बदलून गेला असावा.

आणि ईएआरसीमुळे टीव्हीचा आवाज त्याच एका एचडीएमआय केबलनं उलटा रिसिव्हरकडे येतो. टीव्हीच्याच रिमोटनं तो कमीजास्तही करता येतो. त्यामुळे आजींना आता कुणाला हाक मारावी लागत नाही. ‘मल्टी चॅनेल स्टिरिओ’ कुणीतरी लावून ठेवलेलं असतं. साडेसातच्या मालिकेत सासूबाई वळून बघतात, तीनदा, आणि तिन्ही वेळेचा ‘ढॅण्ण’ पाचही स्पीकरांतून निघतो. आजी म्हणतात, “आता कसं स्पष्ट ऐकू येतंय.”