पालकमंत्री

रायगडचा पालकमंत्री कोण, यावर 2025 मध्ये मुंबईत केवढा घोळ झाला! आमच्या बोर्ली पंचतनात हा प्रश्न केव्हाच सुटलाय. पुण्याची नोकरी घरी बसून करायची आणि काचेच्या पेटीत पाल पाळायची, ही जात आता गावाकडेही दिसू लागली आहे. आमच्याकडच्याला सगळे पालकमंत्रीच म्हणतात.

"पाल नाही, लेपर्ड गेको," तो सुधारतो. पायांना चिकट गाद्या नाहीत म्हणून भिंतीवर चढत नाही. पापण्या आहेत म्हणून डोळे मिटून झोपतो.

"काम ना धाम, दिवसभर झोप," आजी म्हणते. "तुझाच भाऊ की."

खाण्याचं सोपं आहे, झुरळं आणि अळ्या. घोर आहे तो अंथरुणाचा. स्वतः हा कोब्यावर फाटकी चटई टाकून घोरतो. पण गेकोखाली काय घालावं? दिवेआगरची वाळू नको, खारट असते. शिवाय अळीबरोबर पोटात गेली तर आतडं तुंबतं. वाडीतला पाचोळा नको, पोफळींवर कोळेरोगासाठी बोर्डो मारलेलं, म्हणजे मोरचूद आलं. कुंडीतल्या मातीत खत. सुताराकडच्या भुशात देवदार असला तर त्याचं तेल बाधतं. यातलं काहीच खोटं नाही, हीच पंचाईत. हसायला जावं तर मुद्दा बिनतोड निघतो.

त्याचा निसर्गावर विश्वास आहे, फक्त निसर्ग पाकिटातून आलेला हवा. म्हणून कोको पीटची वीट ऑनलाइन मागवली. ती आली तेव्हा आजी न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणं सारत होती. तिने वीट हुंगली, नखाने कोपरा खरवडला.

"मेल्या, हा तर सोडणाचा भुगा! पैसे दिलेस?"

"धुतलेला असतो तो, आजी."

"आपली सोडणं चार महिने पावसात काय करतात मग?"

गेको मूळचा अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. इथे जुलैत कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते. कोको पीटने ओल धरली आणि वर पांढरी लव आली. मग निर्णय फिरला: सपाट दगड. पुसता येतो, पोटात जात नाही, ऊब धरतो.

ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा मागल्या दारी पडलाच होता. चुलत बहिणीने तो आणून दिला. "हा कुठला? याची खात्री काय?" म्हणून साहेबांनी परत केला.

पोरगी आठवीतली, पण व्यवहारी. तिने तुकडा घासला, खोक्यात भरला, वर 'नैसर्गिक शिला, रसायनविरहित' असं लिहिलं आणि ओळखीच्या कुरियरवाल्याच्या हातून पाठवला. पालकमंत्र्यांनी त्यावर लिंबू पिळून पाहिलं. जरा फसफसलं. "चुनखडीचा आहे, म्हणजे कॅल्शियमसुद्धा!" म्हणत त्याने खुशीत साडेचारशे रुपये मोजले. जांभ्याला काय भाव द्याल, असं ती आता विचारते आहे.