बजेट घराचं, खर्च भावकीचा

घरखर्चाला कात्री लावायची ठरलं की ती आधी कुठं जाते? स्वयंपाकघरात. शेंगदाण्याचं कूट जरा कमी घाल, तेलाचा डबा आठ दिवस जास्त पुरव, दूध अर्धा लिटर बंद कर. ही कात्री ओसरीवर कधी येत नाही. तिथं मालक बसलेले असतात.

बायकोनं दिवाळीला एक साडी जास्त घेतली तर उधळपट्टी. मालकांनी चुलतभावाच्या मेहुण्याच्या लग्नात पन्नास फेटे बांधले तर व्यवहार.

सातारा-सांगलीकडं घराचं बजेट किराण्यानं कोसळल्याचं कुणी पाहिलंय? कोसळतं ते मांडवात.

हल्ली मोबाइलवर एक गुळगुळीत चेहऱ्याचा तरुण येतो आणि पन्नास-तीस-वीसचा मंत्र देतो. पगाराचे पन्नास टक्के गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. सूत्र छान आहे. फक्त त्याला दर महिन्याच्या एक तारखेला पगार लागतो.

वाळव्यात किंवा कराडात एक तारखेला काय येतं? विजेचं बिल.

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. मग तोडणीच्या टोळीची वाट. मग ट्रॉली कारखान्यावर. मग बिलाची वाट. कायदा म्हणतो चौदा दिवसांत पैसे द्या. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, तीही १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यातून तोडणी-वाहतूक गेली. सोसायटीनं वसुली कापून घेतली. खतवाल्याची वही निघाली. आता उरलेल्याचे पन्नास, तीस आणि वीस टक्के काढून दाखवा.

दीड वर्षाचं पीक, हप्त्याहप्त्यानं येणारं बिल, आणि सल्ला मात्र पुण्यातल्या बाणेर-बालेवाडीचा.

पण थांबा. बिल उशिरा येतं हे दुखणं खरंच. आल्यावर आपण काय करतो, त्याचं काय? इकडं बिल निघालं की तिकडं तिथी निघते.

लग्न ठरतं तेव्हा दोन्हीकडची मंडळी तोंडभरून म्हणतात, आपल्याला साधंच करायचंय. या वाक्यानंतरच हिशेबाची वही बंद होते.

साखरपुडा म्हणजे काय होतं? साखर, नारळ आणि पाच-पंचवीस माणसं. आता त्यालाही कार्यालय लागतं. हळदीला वेगळा मांडव, पिवळे कपडे आणि डीजे. बस्ता एका दुकानात बसत नाही. मानपानाच्या टॉवेल-टोप्या येतात. कुणी त्या टोप्या घालत नाही, कुणी त्या टॉवेलला अंग पुसत नाही. पुढच्या लग्नात त्याच टॉवेल-टोप्या दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. काही टोप्या तर पश्चिम महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांपेक्षा जास्त फिरलेल्या असतील.

आणि प्री-वेडिंग. युनेस्कोनं २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं पठार जागतिक वारशात घेतलं ते तिथल्या फुलांसाठी. आमच्या नवरदेवाला वाटतं, त्याच्या गॉगलसाठी.

बजेट नव्हतं का? होतं की. बायकोनं वहीत नीट लिहिलेलं होतं. मग भावकीची बैठक बसली. थोरल्या चुलत्यांनी एकच वाक्य टाकलं, 'आरं, लोक काय म्हणतील?' पुढं वही कुणी उघडली नाही.

हे काही आज सुरू झालेलं नाही. याच्यावर औषधही याच मातीत निघालं होतं.

१९४३ ते ४६. साताऱ्याचं प्रतिसरकार. तेव्हा वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे सगळं सातारा जिल्ह्यातच. (१९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. जिल्हे वाटून घेतले, पाहुण्यांची यादी एकत्रच राहिली.) येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उतरलेला माणूस. भूमिगत सरकार चालवायचं, इंग्रज मागावर, वर गावगुंडांचा बंदोबस्त. एवढ्या धबडग्यात या लोकांनी कशाला वेळ काढावा? लग्नाच्या खर्चाला.

गांधी लग्न म्हणायचे त्याला. खादीचे कपडे, एकमेकांना हार, हुंड्याला आणि मानपानाला रजा, कर्ज नाही. नाना पाटलांना गणित स्वच्छ कळलं होतं. लग्नाचं कर्ज सावकाराच्या वहीत जातं आणि वहीमागोमाग रान जातं. स्वराज्य आणायचं तर आधी मांडव आवरला पाहिजे.

मुद्दा नीट बघा. नाना पाटलांनी घरोघरी डायऱ्या वाटल्या नाहीत. साधं लग्न हाच गावाचा मान करून टाकला. खर्च करणाऱ्यानं मान खाली घालायची, न करणाऱ्यानं ताठ चालायचं.

आज त्याच नाना पाटलांची जयंती आम्ही डीजे लावून करायला कमी करणार नाही.

त्याहीआधी, १८७३ साली, जोतिराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नाही, थाट नाही. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे आपलंच. लग्नाचा खर्च कसा कमी करावा याचे दोन धडे याच मातीनं महाराष्ट्राला दिले. शिकवणारं गाव आपलं, नापास होणारंही आपलंच.

आता शहरातला वाचक मान डोलावत असेल. बघा, आम्ही म्हणत नव्हतो का, शेतकरी लग्नात उधळतो म्हणूनच कर्जात बुडतो!

साहेब, जरा दमानं. हा शोध तुमचा नाही, गोऱ्या साहेबाचा आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या पेटल्या, दंगा पसरला आणि सरकारनं आयोग नेमला. तेव्हाही कचेरीतलं लाडकं उत्तर हेच होतं, की कुणबी लग्नात पैसे उडवतो. आयोगानं कागद तपासले आणि लिहिलं की लग्नखर्चाला आहे त्यापेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. कर्जाचं मूळ लग्नात नव्हे. शेतसारा, सावकाराचं व्याज आणि कोर्टाची वाट, यांनीही माणूस पिळला होता. मग १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. तो आधी लागू झाला चार जिल्ह्यांना: पुणे, सातारा, नगर, सोलापूर.

दीडशे वर्षांपूर्वी सरकारी आयोगाला जे समजलं, ते टीव्हीवरच्या तज्ज्ञाला अजून समजायचंय.

म्हणून भाव पडला तर खापर मांडवावर फोडू नका. पण मांडवाचं बिलही पडलेल्या भावावर लावू नका. हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि आपण एक दाखवून दुसरा लपवतो.

लपवण्यात आपला हात कोण धरणार? केंद्र सरकारची घरखर्चाची पाहणी घ्या, २०२२-२३ ची. ग्रामीण भारतात माणशी मासिक खर्च ३,७७३ रुपये. त्यात पान, तंबाखू आणि नशापाण्यावर ३.७९ टक्के. शिक्षणावर ३.३० टक्के. ही साऱ्या देशाची सरासरी आहे, आपल्या गावाची नव्हे, असं म्हणून कुणी सुटायला बघेल. सुटा. फक्त आधी खिशातली पुडी बाहेर काढून ठेवा.

आणि ही पुडी घराच्या वहीत कुठल्या रकान्यात असते? कुठल्याच नाही. ती 'किरकोळ'मध्ये असते. किरकोळ हा मराठी घरातला सगळ्यात ठोक खर्च आहे.

सोन्याचं तर विचारूच नका. खानापूर, विटा, आटपाडीकडची पोरं गलाई कामाला देशभर पांगली. कुठल्याही राज्यातल्या सराफ कट्ट्यावर जा, सोनं-चांदी गाळणारा सांगलीकडचा भेटेल. गाडगीळांची पेढी सांगलीत सुरू झाली ती १८३२ साली. म्हणजे सोनं काय असतं, त्यात घट किती आणि मजुरी किती, हे या मुलखाला शिकवायची गरज नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये तोळा लाखाला टेकला. लग्नातला गंठणाचा आग्रह सुटला? नाही. गंठण तेच राहिलं, खाली कर्ज आलं.

देशाचं सोनं गाळणाऱ्यांच्या घरात सोनं येतं हप्त्यावर.

यात्रेचं घ्या. गावची यात्रा काही अचानक येत नाही. दरवर्षी त्याच तिथीला येते, पंचांगात छापून येते, दोन महिने आधी वर्गणीची पावती येते. तरी दरवर्षी बोकडाला उसनवारी! पाहुणे येणार, पाहुण्यांचे पाहुणे येणार, रस्सा कमी पडला तर वर्षभर बोलणी खायची. जूनमधली शाळेची फी तशीच. मूल जन्मलं तेव्हापासून ठाऊक आहे की जून येणार. तरी जूनमध्ये आपण असे दचकतो, जणू मान्सूननंच फी आणली.

काटकसर जमतच नाही का मग आपल्याला? जमते. पुरावा आहे.

२०२१ चा एप्रिल आठवा. कोरोनाची दुसरी लाट. राज्य सरकारचा हुकूम निघाला: लग्न दोन तासांत, पंचवीस माणसांत, मोडलं तर पन्नास हजार दंड. आणि लग्नं लागली की! अंगणात लागली, गच्चीवर लागली, रानातल्या वस्तीवर लागली. थोरले चुलते घरी बसून मोबाइलवर अक्षता टाकत होते. पाहुणे कमी होते म्हणून त्यातला एखादा संसार मोडला असेल तर अवश्य कळवा.

दंडाची भीती होती म्हणून चुलत्यांचा मान आपोआप माफ झाला. कुणी रुसलं नाही. रुसायला सरकार होतं.

निर्बंध उठले आणि काय झालं? 'तेव्हा राहून गेलं होतं' म्हणून काहींनी पोराच्या बारशाला हजार माणसं जेवू घातली. थकबाकीसकट वसुली याला म्हणतात.

आता जिथं बजेट खरोखर पाळलं जातं तिथं जरा जाऊ. म्हसवड. माण तालुका, पाऊस हुलकावणी देणारा, ऊस नाही, बिल नाही. १९९७ साली तिथं चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांतल्या बऱ्याच जणी अंगठेबहाद्दर. बायका लिहायला-वाचायला शिकल्या. पुन्हा गेल्या. साहेबांना म्हणाल्या, रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुम्ही कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून काढा. परवाना मिळाला.

साहेबाला पटलं ते घरच्या मालकाला अजून पटायचंय. 'तुला व्यवहारातलं काय कळतंय?' हे वाक्य आजही ओसरीवरून स्वयंपाकघरात जातंच.

भिशी बघा. दहा-बारा जणी, महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिचा नंबर. ना व्याज, ना ॲप, ना गुळगुळीत चेहऱ्याचा तरुण. (भिशी घेऊन पळणारेही असतात, तेव्हा माणसं बघून बसा.) तरी हप्ता चुकत नाही. का? चुकला तर चारचौघींत काय तोंड दाखवायचं? तेच ते 'लोक काय म्हणतील'. मालकांच्या बैठकीत ते घर फुंकतं, बायकांच्या भिशीत तेच घर सावरतं.

म्हणजे लोक बोलणारच आहेत. त्यांना काय बोलायला लावायचं, एवढंच ठरवायचं राहिलंय.

समाजाच्या बैठका होतात, आचारसंहिता ठरतात. डीजे नको, प्री-वेडिंग नको, माणसं मोजकी. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणारे बैठकीतून उठून थेट कुठं जातात? बाहेर गाडी लावलेली असते, आत पत्रिकांचा गठ्ठा असतो.

पुढाऱ्यांनी आधी करून दाखवावं, असं सगळे म्हणतात. पुढारी म्हणतात, लोकांचा आग्रह असतो. दोघंही खरं बोलतात, आणि केटररला दोघांचीही ऑर्डर मिळते.

तेव्हा या लग्नसराईत एकच करा. घरखर्चाची वही स्वयंपाकघरातून उचला आणि भावकीच्या बैठकीत मधोमध ठेवा. फेट्यांचा रकाना करा. डीजेचा करा. पुडीचा करा. प्रत्येक रकान्यासमोर पैसे कोण देणार, त्याचं नाव लिहा. थोरल्या चुलत्यांचंसुद्धा. 'लोक काय म्हणतील' म्हणणाऱ्याच्या नावावर निम्मी रक्कम टाका आणि बघा, लोकांचं मत किती झटकन बदलतं ते.

आणि अगदीच धीर झाला तर कायदाही सोबतीला आहे. विशेष विवाह कायद्यानं लग्न लावायला तीस दिवसांची नोटीस लागते आणि तीन साक्षीदार. तिघांवर काम भागत असताना बाराशेच्या यादीतले उरलेले अकराशे सत्त्याण्णव कुणी घातले, तेवढं घरात विचारा.