खालच्यांचं छत

लाकडी जमिनीच्या घरात राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट लहानपणीच कळते: आपली जमीन आपली नसते. तिची वरची बाजू तेवढी आपली. खालची बाजू खालच्या बिऱ्हाडाची, कारण ते त्यांचं छत. आणि मधलं जे काही लाकूड असतं ते घरमालकाचं. गिरगावातल्या आमच्या चाळीत ही तिहेरी मालकी पिढ्यानपिढ्या सुखाने नांदत आली आहे, कारण तिघांपैकी कुणीच तिच्याकडे लक्ष देत नाही.

आम्हाला लक्ष द्यावं लागलं ते अण्णांच्या ब्लडप्रेशरच्या गोळीमुळे. दोन फळ्यांमधली फट रुंदावत चालल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. सुटे पैसे, टाचण्या, कॅरमची एखादी सोंगटी तिच्यात गडप व्हायची आणि घरचा दानधर्म समजून आम्ही ते सोडून द्यायचो. ही गोळी मात्र थेट खाली पोचली. खालच्या काकू ती बशीत घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "पोह्यांवर पडली. ह्यांनी खोबरं समजून खाल्ली असती म्हणजे?" काकांचं बीपी मुळातच लो. त्याच संध्याकाळी ठरलं, जमिनीचं काहीतरी करायचं. काय करायचं, तेवढं ठरायचं राहिलं. त्यात पावसाळा उलटला.

आधी जमीन बघायला तर हवी. ती आमच्यापैकी कुणीच धड पाहिलेली नव्हती, कारण तिच्यावर व्हिनाइल होतं, इटालियन संगमरवराच्या नक्षीचं. ते उचललं तर खाली आणखी एक व्हिनाइल, हिरव्या-पांढऱ्या चौकटींचं. त्याखाली वर्तमानपत्रं, १९८२ सालची, गिरणी संपाच्या बातम्यांनी भरलेली. इथे काम थांबलं. अण्णा फतकल मारून बसले आणि वाचू लागले. "उरलेला मजकूर पान पाचवर" असं आलं की ते पान खोलीच्या कुठल्या कोपऱ्यात अंथरलं असेल याचा शोध सुरू व्हायचा, आणि मी ओणवा होऊन व्हिनाइल उचलून धरायचो. बायको म्हणाली, "संप मिटला का ते मी सांगते, तुम्ही उठा."

व्हिनाइलचा एक गुण असतो: वरून ओल आत जाऊ देत नाही. आणि एक अवगुण असतो: आत गेलेली बाहेरही येऊ देत नाही. कडेकडेने शिरलेलं पोछ्याचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच मुरलेलं. मोरीजवळच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या, आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला तर विचारल्याशिवाय आत जात होता. उरलेल्या फळ्या मात्र सुंदर निघाल्या. धुळकट, ओरखडलेल्या, खिळ्यांची डोकी वर आलेल्या. पण एका जागी ओलं फडकं फिरवलं आणि मधाच्या रंगाची रेषा उमटली, तेव्हा घरात क्षणभर कुणी बोललं नाही.

मग मिस्त्रीला बोलावलं. त्याने फळीवर बोटाचं पेर वाजवलं, नखाने खरवडलं, नाकाशी नेलं आणि सुतारकामातलं ते सनातन वाक्य उच्चारलं, "साहेब, हा माल आता मिळत नाही." मग आवाज उतरवून, "काढून टाकणार असाल तर मला सांगा, मी उचलतो." जुन्या सागवानाला रे रोडच्या वखारींत काय मान आहे हे तो बोलला नाही, पण त्याच्या डोळ्यांत दिसलं. झालं. सकाळपर्यंत ज्या फळ्यांना आम्ही 'सडका माळा' म्हणत होतो, त्या दुपारपासून आमचा वारसा झाल्या.

अण्णांच्या मते हा अस्सल बर्मा टीक. बर्मा टीकचा इतिहास खरोखरच भारी आहे. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातल्या जंगलांतून सागाचे ओंडके काढत असे. जितके ओंडके काढले तितक्यांचे पैसे भरले नाहीत, असं म्हणत तिथल्या थिबा राजाच्या दरबाराने कंपनीला जबर दंड ठोठावला. ते निमित्त धरून इंग्रजांनी १८८५ साली त्याचं राज्यच घेतलं आणि राजाला रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. आमचं मूळ गाव रत्नागिरीजवळ. म्हणजे लाकूड मुंबईला आलं, राजा आमच्या गावाकडे गेला, आणि त्या लाकडावर राहायला आम्ही गाव सोडून मुंबईला आलो. एवढ्या उलाढालीनंतर त्यावर पुन्हा व्हिनाइल अंथरणं कुणाच्याच मनाला पटेना.

चाळीत कुणी काही करायला काढलं की सल्ला मागावा लागत नाही. दार उघडं ठेवलं तरी पुरतं. शेजारचे म्हणाले, सरळ लाद्या बसवा, आयुष्याची कटकट मिटेल. मी कागदावर हिशेब केला. दहा बाय बाराची खोली, मसाला आणि लाद्या मिळून दोन इंच थर, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास वजन. खालच्यांच्या डोक्यावर दोन मारुती ८०० कायमच्या पार्क करण्यासारखं. त्यावर शेजारचे म्हणाले, "आम्ही बसवल्यात की! काही झालं नाही." त्यांच्या खालचे गृहस्थ तिथेच उभे होते. त्यांनी वर बघितलं, मग शेजाऱ्यांकडे बघितलं, आणि ते निघून गेले.

मेव्हण्याचं म्हणणं लॅमिनेट. दोन दिवसांत काम, हुबेहूब लाकडासारखं दिसतं. लाकडावर हुबेहूब लाकडासारखं काहीतरी बसवायचं, ही कल्पना मला पचेना, पण मेव्हणा असल्यामुळे "विचार करतो" म्हटलं.

मग पॉलिश. या विषयावर चाळीत दोन पक्ष पडले. जुना पक्ष लाखेच्या पॉलिशचा: स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापसाचा बोळा, आणि तोंड बघावं अशी चमक. फक्त त्यावर गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं. ज्या घरात चहाचे कप जमिनीवरच ठेवतात तिथे हे पॉलिश म्हणजे रांगोळीचा कायमस्वरूपी उपक्रम. नव्या पक्षाचा उमेदवार पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. टणक, पाण्याला दाद न देणारं, महाग. पण एका जागी खोल ओरखडा गेला तर तेवढंच ठिगळ लावलेलं दिसल्याशिवाय राहत नाही. अख्खी खोली पुन्हा घासायची. आमच्याकडे पाटा-वरवंटा अजून जमिनीवर सरकतो. तिसरा, बिनपक्षाचा उमेदवार म्हणजे अळशीचं तेल. वाळायला वेळ घेतं, चमक बेताची, पण जिथे झिजलं तिथे पुन्हा चोळलं की झालं. त्याचा धोका निराळाच. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून मोकळे पसरून वाळवावे लागतात. लाकडी चाळीत ही माहिती मी गॅलरीत उभा राहून मोठ्याने सांगितली. त्यानंतर मला काही दिवस कुणी काडेपेटी उसनी दिली नाही.

जुनं पॉलिश शिल्लक आहे का ते पाहायची एक साधी चाचणी असते. जमिनीवर पाण्याचा थेंब टाकायचा. मोती होऊन बसला तर पॉलिश जिवंत. लाकडात जिरला तर गेलं. आम्ही सगळे थेंबाभोवती उकिडवे बसलो. थेंब मोती झाला नाही, जिरलाही नाही. तो घरंगळत फटीकडे गेला आणि खालून काकांचा आवाज आला, "आता काय टाकताय?"

फटींचा मुद्दा तर फारच चिघळला. मिस्त्री म्हणाला, भुसा आणि फेव्हिकॉल कालवून गच्च भरतो. पण लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. उन्हाळ्यात फट टणक लांबीने बुजवली की जुलैत फळ्यांना पसरायला जागा उरत नाही आणि त्या उचकटतात. त्यापेक्षा सागाच्या बारीक पट्ट्या तासून फटीत बसवायच्या आणि सरस एकाच बाजूला लावायचा, म्हणजे दुसऱ्या बाजूला लाकडाला श्वास राहतो. मिस्त्रीला हे माहीत होतं. भुसा स्वस्त पडतो, म्हणून त्याने आधी तो सांगितला होता.

कुरकूर काढण्याच्या प्रस्तावाला मात्र घरातूनच विरोध झाला. दारापासून तिसरी फळी पाय पडला की ओरडते. फळी खिळ्यावर घासते म्हणून हा आवाज येतो. एक स्क्रू मारला की गप्प बसते. बायको म्हणाली, "तिला हात लावायचा नाही." मुलगा रात्री किती वाजता येतो याची घरातली ही एकमेव नोंदवही. मुलगा म्हणाला, सुरुवात त्याच फळीपासून करा.

शेवटी एक स्ट्रक्चरल इंजिनिअर बाई आल्या. आमची पॉलिशच्या नमुन्यांची कार्डं, लॅमिनेटचे तुकडे, अळशीच्या तेलाची बाटली, सगळं मांडून ठेवलं होतं. त्यांनी त्याकडे बघितलंही नाही. "खालच्यांची किल्ली आहे का?" एवढंच विचारलं. खाली जाऊन स्टुलावर चढल्या, टॉर्च लावला आणि फळ्यांना खालून पेलणाऱ्या कडीचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसला. आमच्या मोरीच्या बरोबर खाली तो मुठीपर्यंत आत गेला. "फळ्यांचं नंतर बघा," त्या म्हणाल्या. "मोरीची गळती आधी बंद करा. मग या टोकाला लोखंडी चॅनेलचा आधार द्या. मालकाची आणि म्हाडाची परवानगी लागेल." साग बर्माचा आहे का, असं अण्णांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "साग आहे. पासपोर्ट बघितला नाही."

काकांचा पंखा त्याच कडीला टांगलेला आहे. त्याखाली ते रोज दुपारी झोपतात. आम्ही महिनोन्‌महिने चमक किती हवी यावर वाद घालत होतो, तेव्हाही तिथेच झोपत होते. हे लक्षात आल्यापासून काका आमच्याशी फार आदराने बोलतात, आणि आम्ही घरात चवड्यांवर चालतो.

आता मोरी दुरुस्त झाली आहे. चॅनेलचा खर्च निम्मा-निम्मा ठरला. घरमालकांनी मोठ्या मनाने हरकत नाही म्हणून सही दिली. मोरीजवळच्या काळ्या फळ्या बदलायच्या, बाकीच्या फळ्यांचे खिळे ठोकून खाली दाबायचे, दिवाळीनंतर कोरड्या हवेत हाताने घासायच्या आणि तेल द्यायचं. मशीन नको, कारण भुसा कुठे पडेल हे आता सांगायला नको. तिसरी फळी ओरडती ठेवायची, असं मतदानाने ठरलं.

तुमच्याही घरी लाकडी जमीन झिजली असेल तर पॉलिशची कार्डं जरा बाजूला ठेवा. पाव किलो पेढे घ्या, टॉर्च घ्या, आणि खालच्यांकडे जाऊन वर बघा. पेढे आधी द्या. टॉर्च नंतर काढा.