अर्जदार

मुंबई प्रांतात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा जो कायदा झाला, त्याने पागडीच्या व्यवहाराला कसे खतपाणी घातले, नव्या चाळी बांधण्याची हौस मालकांच्या मनातून कशी नाहीशी केली आणि जुन्या चाळींच्या डागडुजीवरून त्यांचा हात कसा आखडला, याविषयी विद्वानांनी विपुल लेखन केले आहे. परंतु शेजार नावाच्या पुरातन संस्थेवर त्याच कायद्याचा जो परिणाम झाला, त्याची दखल एकाही अर्थशास्त्रज्ञाने घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. १९४० च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस खोलीचे जे भाडे होते ते प्रमाण भाडे ठरून तेथेच गोठले, आणि भाड्याबरोबर भाडेकरूही गोठला. बारा रुपये भाड्याची गिरगावातील खोली आपण होऊन सोडील इतका विरक्त पुरुष त्या भागात निपजणे शक्य नव्हते. सबब भिंतीपलीकडील खोकला, माथ्यावरील पाट्यावरवंट्याची घरघर आणि गॅलरीतून जाताना आपल्या ताटात डोकावणारी दृष्टी ही सारी वंशपरंपरेने उपभोगण्याची मिळकत होऊन बसली. तात्पुरता म्हणून केलेला तो कायदा मुदतीमागून मुदत वाढवून घेत १९९९ च्या नव्या कायद्यापर्यंत जगला, आणि तितकी वर्षे शेजारीही जागचा हलला नाही.

अशा बांधलेल्या शेजारात तऱ्हतऱ्हेचे नमुने आढळतात. वाटीभर साखर नेऊन परतफेडीचा विषय निघताच आपल्या संधिवाताचा विषय काढणारे आहेत, पेटीवरील स्वरसाधना संपूर्ण मजल्याच्या साक्षीने करणारे आहेत, आणि आपल्या घरी पाहुणा आला की तो कोण, कोठला व किती दिवसांचा याची चौकशी जिन्यातच गाठून पाहुण्याकडेच करणारेही आहेत. पण हे सारे उपद्रव हंगामी होत. बारमाही उपद्रव एकच, आणि तो म्हणजे अर्जदार.

हा गृहस्थ बहुधा एखाद्या सरकारी कचेरीतून जुन्या नियमाप्रमाणे पंचावन्नाव्या वर्षी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला असतो. इतरांच्या अर्जांवर ‘नियमात बसत नाही’ असा शेरा मारण्यात ज्याची हयात गेली, त्याला सेवानिवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी असे आढळून येते की जगात अन्याय फार माजला असून त्यातील बराचसा आपल्या गॅलरीतच घडत आहे. चाळ त्याला तोंडावर नाना म्हणते आणि माघारी अर्जदार म्हणते. ही दुसरी पदवी त्याने स्वकष्टार्जित केलेली आहे, कारण त्याच्या प्रत्येक लिखाणाखाली ‘आपला नम्र, अर्जदार’ असे लिहून मगच सही केलेली असते. भांडण त्याला मनापासून अप्रिय. आवाज चढवणे, हातवारे करणे, परस्परांच्या पूर्वजांचा उद्धार करणे हे सारे त्याच्या मते ज्यांना मसुदा लिहिता येत नाही त्यांचे व्यवसाय. गॅलरीत समोरासमोर गाठ पडली तर तो प्रसन्न हसून ‘काय, बरं आहे ना?’ असे विचारतो, आणि आपण ‘बरं आहे, नाना’ म्हणून घरात शिरतो तोच, दाराखालून आत सरकवलेला, चार घड्यांचा, डाव्या अंगास ऐसपैस समास सोडलेला कागद आपल्या पायाखाली येतो.

त्या कागदाचा थाट काही औरच. वर जावक क्रमांक, उजवीकडे तारीख, मग ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, आणि त्याखाली दोनदा अधोरेखित केलेला विषय : ‘आपल्या चिरंजीवांनी सायंकाळच्या सुमारास जिन्यात रबरी चेंडू आपटल्याबाबत.’ संदर्भ : ‘याच चेंडूविषयीचे माझे यापूर्वीचे अर्ज.’ मजकुरात चेंडूचे एकंदर आघात किती, त्यांपैकी अर्जदाराच्या दारावर किती, त्या समयी अर्जदार निद्रित असल्यास त्याची निद्रा कोणत्या आघातास भंगली आणि जागृत असल्यास त्याच्या वाचनात कोणत्या परिच्छेदावर व्यत्यय आला, याचा तपशील असतो. शेवटी ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ हे शब्द असायचेच. कोर्टात खेचण्याच्या धमकीखालीही लोभाची याचना करण्यास तो चुकलेला नाही. कागदाच्या प्रती तीन, कॉपिंग पेन्सिलीने व दोन कार्बन घालून काढलेल्या. पहिली प्रतिवादीस, दुसरी भाडेवसुलीस येणाऱ्या मालकाच्या मेहत्यास, तिसरी दप्तरी दाखल. दप्तर म्हणजे पलंगाखालची पत्र्याची ट्रंक. तिच्यात नळ, मोरी, जिना, ध्वनी, गंध आणि संकीर्ण असे निरनिराळे रुमाल बांधून ठेवलेले. नळाच्या रुमालातला एक अर्ज तर वाङ्मयीन गुणांसाठी जपून ठेवावा असा आहे. तानसा तलावाचे जे पाणी १८९२ पासून डोंगर आणि खाड्या ओलांडून बिनतक्रार मुंबईस येत आहे, तेच पाणी सामायिक नळापासून सात नंबरच्या खोलीपर्यंतच्या अखेरच्या वीस पावलांत अर्जदाराच्या उंबऱ्यावर का सांडावे, असा त्यात सवाल आहे. आणि खरे सांगायचे तर त्या सवालाला आजतागायत कोणापाशी उत्तर नाही.

कायद्याचे ज्ञान हा अर्जदाराचा अलंकार. उन्हाळ्यात बायका गॅलरीत मसाला कुटू लागल्या की बाकीचे लोक शिंकत. अर्जदार शिंके आणि १८६० च्या, २०२४ पर्यंत अमलात असलेल्या दंडविधानातील २६८ वे कलम उघडी, ज्यात आसपास राहणाऱ्या लोकांस त्रास पोचवणारे कृत्य म्हणजे सार्वजनिक उपद्रव, अशी व्याख्या होती. २९० व्या कलमाखाली त्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड होता, म्हणजे बारा रुपयांच्या हिशेबाने सोळा महिन्यांच्या भाड्याहून अधिक, हे त्रैराशिक त्याने समासात मांडून दाखवलेले असे. एका वर्षी असा अर्ज हाती पडताच सात नंबरच्या काकूंनी, त्या मुळात दयाळू असल्यामुळे व कलमे वाचण्याची त्यांना सवय नसल्यामुळे, नव्या मसाल्याची एक बरणी त्याच्याकडे पाठवून दिली. घटकाभराने लेखी उत्तर आले : ‘मसाला पोचला. प्रत उत्तम आहे. तक्रार कायम.’

याच काकूंशी त्याचा जो लुगड्याचा वाद चालला, तो चाळीच्या इतिहासात चिरंतन राहील. त्यांची वाळत घातलेली नऊवारी लुगडी अर्जदाराच्या खिडकीवरून जात, आणि १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्याप्रमाणे ज्या इमारतीस वीस वर्षे अखंड व निर्वेध उजेड आणि हवा मिळत आली, तिचा तो हक्क कोणालाही हिरावून घेता येत नाही, हे दाखवून त्याने दोरी काढून घेण्याविषयी नोटीस दिली. काकूंनी नोटीस शिकवणीच्या मास्तरांकडून वाचून घेतली, पदर खोचला आणि गॅलरीत येऊन सर्वांसमक्ष विचारले, ‘अहो नाना, ही दोरी माझ्या सासूबाईंनी बांधली. तुम्ही तेव्हा या खोलीत आला पण नव्हता. मग वीस वर्षं तुमच्या खिडकीला उजेड मिळाला, की माझ्या लुगड्याला वारा?’ लॉ कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या बाईने वहिवाटीचा इतका निर्भेळ मुद्दा मांडावा, याचे मला आजही नवल वाटते. अर्जदार निरुत्तर झाला नाही; त्याने मुदत मागून घेतली. ती मुदत संपलेली नाही आणि दोरी जागच्या जागी आहे.

मात्र त्याचे ब्रह्मास्त्र वेगळेच होते. भाडेनियंत्रण कायद्याच्या तेराव्या कलमात भाडेकरूस घराबाहेर काढण्याची जी कारणे दिली होती, त्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांस उपद्रव देणारी वर्तणूक हेही एक कारण होते, आणि हे पोटकलम त्याला अथर्वशीर्षासारखे मुखोद्गत होते. अडचण एवढीच की त्या कलमाखाली धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात दावा लावण्याचा अधिकार मालकाचा; शेजाऱ्याने मालकाचे मन वळवायचे. मालकाचे मन तर जन्मजात वळलेले होते. एक खोली मोकळी झाली तर नव्या पागडीची रक्कम पदरात पडेल, हे न कळण्याइतका तो साधुपुरुष नव्हता. त्याचे म्हणणे इतकेच की एकेक भाडेकरू काढण्यापेक्षा उपद्रवी म्हणून सबंध चाळ काढता आल्यास बरे. मेहत्याने हा निरोप सांगितला तेव्हा अर्जदाराच्या ध्यानात आले की सबंध चाळीत आपलीही खोली मोडते. त्यानंतर तेराव्या कलमाचा उल्लेख त्याच्या अर्जांत ‘योग्य वेळी विचार केला जाईल’ अशा मोघम शब्दांतच होत असे.

अर्जदार सर्वांत उदास केव्हा दिसतो, हे विचारले तर पुष्कळजण ‘तक्रार फेटाळली गेली म्हणजे’ असे उत्तर देतील. ते निखालस चूक आहे. आमच्या मजल्यावरील तुंबणारी मोरी, जिच्यावर त्याने एक अख्खा रुमाल खर्ची घातला होता, ती एके दिवशी कोणाच्या स्वप्नीही नसता मालकाने दुरुस्त करवली. सर्व बिऱ्हाडांत आनंदीआनंद झाला. नाना मात्र मोरीपाशी बराच वेळ उभा राहिला, नव्या फरशीवर त्याने पायाने दोनदा ठोकून पाहिले, आणि त्या रुमालाची गाठ शेवटची बांधताना त्याचे डोळे पाणावल्याचे त्याच्या घरच्या मंडळींनी पाहिले. दोन दिवस तो जेवला नाही, असे म्हणतात. तिसऱ्या दिवशी नव्या फरशीचा उतार उलट्या बाजूस असल्याचे त्याच्या लक्षात आले आणि प्रकृती सुधारली.

अखेरीस चाळीचा संयम सुटला. पहिल्या मजल्यावरील एका कॉलेजकुमाराने पुढाकार घेऊन ‘आम्ही खाली सह्या करणारे’ अशा मथळ्याचा एक सामुदायिक अर्ज खुद्द नानाविरुद्ध तयार केला; त्याच्या अर्जांनीच आम्हांस उपद्रव होतो, असा त्यातील आशय. सह्या झाल्या, काकूंनी अंगठ्याऐवजी हट्टाने आपले नाव काढले, आणि प्रतिवादीस प्रत देण्याचा शिरस्ता त्यानेच घालून दिलेला असल्यामुळे एक प्रत त्याच्या दाराखालून सरकवण्यात आली. मजल्यावर सामसूम पसरली. अर्ध्या घटकेत दार उघडले, नाना चष्मा लावून बाहेर आला, आणि त्याच्या हातात तांबडी पेन्सिल होती. ‘कोणी लिहिलाय हा?’ कॉलेजकुमार भिंतीला चिकटून पुढे सरकला. ‘अरे, तारीख कुठाय? कलम कुठाय? उपद्रव म्हणतोस आणि एकही दाखला देत नाहीस? बस इथे.’ मग गॅलरीत चटई पसरून त्याने तो मसुदा शुद्ध केला; ऱ्हस्वदीर्घ सुधारले, तेरावे कलम योग्य जागी बसवले, आपण केलेले दोन उपद्रव आम्ही विसरलो होतो ते तारीखवार घातले, तीन स्वच्छ प्रती स्वहस्ते काढल्या, सर्वांच्या सह्या पुन्हा घेतल्या, आणि एका प्रतीवर ‘पोचली’ असे लिहून ती आमच्या हवाली केली.

त्या संध्याकाळी त्याने आवक नोंदवही उघडली. जावकच्या वह्या भरून नव्या घ्याव्या लागल्या होत्या. ही मात्र आणल्यापासून कोरी होती. वॉर्ड कचेरीने त्याला कधी ओळ लिहिली नव्हती, मेहता त्याच्या अर्जांच्या पाठीवर भाड्याचे आकडे मांडीत असे, आणि आम्ही शेजारी त्याचे कागद बंबात घालीत होतो. आवक क्रमांक १ असे लिहिताना तो ज्या प्रसन्नतेने ओठांतल्या ओठांत गुणगुणत होता, ती पाहून माझी खात्री झाली की अर्जदाराला निवाडा नको असतो, पोच हवी असते.

तेव्हा ज्या वाचकांच्या मजल्यावर असा गृहस्थ नांदत असेल त्यांनी मोरी दुरुस्त करण्याच्या खर्चात पडू नये. फुलस्केप कागदांचा एक दस्ता आणून ठेवावा, आणि दाराखालून कागद आला की त्याच दिवशी ‘आपला अर्ज पोचला, विषय विचाराधीन आहे’ एवढे लिहून पाठवावे. तारीख घालण्यास मात्र विसरू नये. बिनतारखेचे उत्तर तो त्रुटीचा शेरा मारून परत करतो.